शेपटाला हात लावू नका: गावचा तलाव, गाळ आणि हिवाळी बदकं

करमाळ्याकडून एका भावाने विचारलंय. गावाला वीसेक एकराचा जुना पाझर तलाव आहे, हिवाळ्यात बदकं आणि हंस उतरतात, पण गेली दोन वर्षं पक्षी निम्म्यावर आलेत, पाऊस मात्र दोन्ही वर्षं चांगला झालाय. ग्रामपंचायतीला निधी मिळतोय, त्यातून गाळ काढायचा, कडेने दगडी पिचिंग, वॉकिंग ट्रॅक, झाडं आणि मधे कारंजं असा प्लॅन आहे. त्यात पक्ष्यांसाठी काय घालावं, आणि एवढं मंगोलियातून येणाऱ्या पक्ष्याला आमच्या एका डबक्याने असा काय फरक पडतो, असे दोन प्रश्न आहेत.

दादा, पहिल्याचं उत्तर एका ओळीत सांगतो आणि मग बाकीचं बोलू. प्लॅनमधे काही घालू नका, काढा. कारंजं काढा, पिचिंग काढा, पाण्याकडेची झाडं काढा, आणि गाळ काढायचाच असेल (काढा, त्यात वाईट काही नाही) तर फक्त भरावाच्या बाजूचा काढा. तलावाचं शेपूट, म्हणजे ओढा जिथे आत येतो तो उथळ पसरट भाग, त्याला जेसीबीचा दात लागू देऊ नका. मी गोदावरीच्या खोऱ्यात वीसेक वर्षं हेच काम करतोय, पक्षी मोजायचे, पाणी मोजायचं, पाटबंधाऱ्याचे लोक आणि मासेमारी करणारे आणि शेतकरी यांना एका चटईवर बसवायचं, आणि त्या सगळ्यातून मला जे कळलं ते एवढंच की बदकाला पाणी लागत नाही, काठ लागतो.

हे जरा विचित्र वाटेल म्हणून समजावून सांगतो. तुमच्याकडे येणाऱ्या बदकांतली बरीचशी वरवर चरणारी, म्हणजे तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भिवई, गडवाल वगैरे. ही बुडी मारत नाहीत. डोकं खाली शेपटी वर करून मान पोचेल तेवढंच खातात, थापट्या तर बऱ्याचदा नुसती चोच पाण्यावर फिरवून गाळत जातो. त्यांना पाणी हवं वीत-दीड वीत, गुडघाभर म्हणजे डोक्यावरून पाणी. चिखलात चोच खुपसणारे तुतवार, चिखल्या, पाणलावे यांना तर चार बोटं पाणी पुरे. पुरुषभर पाण्यात बुडी मारून खाणारी म्हणजे लालसरी, शेंडी बदक आणि आपला काळा वारकरी. आणि पट्टकदंब हंस, ज्याच्यावर तुमच्या पोरांचा जीव आहे असं दिसतंय, तो पाण्यात खातच नाही फारसा, तो गाईसारखा चरतो, काठावरची कोवळी लव्हाळी, गवत, रात्री शेजारचा हरभरा नि गहू. पाणी त्याला झोपायला आणि कोल्ह्या-कुत्र्यापासून लांब बसायला लागतं.

आता तुमचा प्लॅन बघा. वीस एकर एकसारखं खोल करून कडेला दगड लावले की वरून फोटो मस्त येणार, पाणीसाठा वाढणार, पण वीत-दीड वीत पाण्याची जागा संपली. राहील ती दगडाच्या उतारावरची हातभर पट्टी. एवढ्या मोठ्या तलावात मग चार वारकरी, दोन पाणकावळे आणि टिबुकल्या. लोक म्हणतात एवढं पाणी आहे तरी बदक येईना, प्रदूषण झालं असेल, मोबाईल टॉवर असेल. अहो ताटच काढून घेतलं तर पंगतीला कोण बसेल.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरचं उदाहरण देतो कारण तो माझ्या घराजवळचा विषय. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात पाण्यासाठी बंधारा घातला, पक्ष्यांसाठी नाही. पुढची कित्येक दशकं त्यात गाळ साचत गेला. इंजिनियरच्या हिशोबाने ते अपयश, साठवण घटली, पण त्याच गाळाची बेटं झाली, उथळ दलदल झाली, पाणकणीस वाढलं, आणि पक्षी इतके आले की सलीम अलींनी त्याला महाराष्ट्राचं भरतपूर (राजस्थानातली ती पक्ष्यांची प्रसिद्ध जागा) म्हटलं असं सगळे सांगतात. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० ला राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे जागतिक महत्त्वाची म्हणून मान्य झालेली पाणथळ जागा, झाली, नंतर लोणार आणि ठाणे खाडी. म्हणजे ज्याला आपण गाळ म्हणून शिव्या देतो त्याच्यावर आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. याचा अर्थ गाळ काढूच नका असा नाही बरं का. शेतकऱ्याला गाळ हवाय, २०१७ पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार आहे, गाळ टाकला की मुरमाड रानात फरक पडतो हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे विरोध करायला गेलात तर गाव तुम्हालाच उचलून तलावात टाकेल आणि बरोबरच करेल. मुद्दा फक्त कुठला काढायचा आणि कधी काढायचा.

कुठला, तर भरावाच्या पायथ्याला धोका होणार नाही इतकं अंतर सोडून त्याच्या पुढचा खोलगट पट्टा. तिथे तीन-चार फूट अजून खोल गेलं की उन्हाळ्यात मासे आणि जनावरांना पाणी राहतं, लालसरीचीही सोय होते. शेपटाकडचा साधारण तिसरा हिस्सा जसाच्या तसा सोडा. मधला भाग खणताना उभी भिंत सोडू नका, दहा-पंधरा फूट आत गेलं की एक फूट खोली वाढेल असा लोळता उतार ठेवा. पोकलेनवाल्याला हा उतार आवडत नाही कारण त्याचे पैसे हायवाच्या खेपांवर, त्याला एका जागी उभं राहून खड्डा मारायचाय. म्हणून त्याच्यावर माणूस उभा करावा लागतो, कागदावर लिहून भागत नाही. एका तलावावर आम्ही नकाशा देऊन निश्चिंत घरी गेलो, तीन दिवसांनी परत आलो तर शेपूट खणून ट्रॅक्टर भरून गेलं होतं कारण तिथला गाळ जास्त काळा आणि मऊ होता. चूक आमचीच, उन्हात उभं राहायचा कंटाळा केला.

खणताना मधे एक उंचवटा सोडा, दहा बाय दहा मीटरचा झाला तरी चालेल, चहूबाजूनी पाणी राहील असा. हंस आणि चक्रवाक दुपारी तिथे बसतात, कुत्रा येत नाही. त्यावर झाड लावायचा मोह आवरा.

कधी, तर भिवई बदक सगळ्यात आधी येतं, ऑगस्ट-सप्टेंबरलाच, आणि जातंही सगळ्यात शेवटी. बाकीची बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबर, हंस थंडी पडली की, आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून परतीची गडबड सुरू होते, मार्चअखेर बहुतेक मोकळं होतं. म्हणून गाळाचं काम एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत. पण त्याच दिवसांत टिटवी, शेकाट्या, सुरय हे उघड्या चिखलावर नि दगडगोट्यांत अंडी घालतात, तेव्हा मशीन लावायच्या आदल्या दिवशी दोन पोरं घेऊन काठाने चक्कर मारा, टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की समजा घरटं आहे, तेवढा तुकडा काठ्या रोवून सोडून द्या, पिल्लं निघाली की दोन-तीन आठवड्यांनी करा.

झाडांचं सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका तलावाभोवती आम्ही अतिशय उत्साहाने दोन ओळी झाडं लावली, शाळेची मुलं आणली, फोटोबिटो, मीही फावडं धरून उभा. चार-पाच वर्षांत झाडं डोक्याच्या वर गेली आणि तिथे दर साली उतरणारा हंसांचा थवा यायचा बंद झाला. आधी कळेचना. पाणी तेच, चारा तोच. मग एका म्हाताऱ्या मेंढपाळाने सांगितलं की साहेब त्याला लांबचं दिसत नाही आता. हंस, क्रौंच, करकोचे हे मोकळ्या माळावरचे जीव, त्यांना उतरायला आणि उडायला मोकळी जागा लागते आणि चारी बाजूनी नजर पोचली पाहिजे, कडेला भिंतीसारखी झाडं म्हणजे त्यांच्या दृष्टीने शत्रू लपायची जागा. मला पक्षीशास्त्राच्या वर्गात न शिकवलेली गोष्ट त्याने बिडी ओढत सांगितली. शेपटाकडची आणि मोकळ्या बाजूची झाडं काढायला मग दोन वर्षं लागली कारण लावलेलं झाड तोडायला परवानगी मागताना लोक आपल्याकडे कसायासारखं बघतात. तर झाडं लावायचीच असतील तर भरावाच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडेला, गावाच्या बाजूला लावा. आंबा, जांभूळ, करंज, वड काय हवं ते. भरावावर नको, मुळांनी भराव कमकुवत होतो.

आता तुमची दुसरी चिंता, दोन वर्षांत पक्षी निम्मे झाले. घाबरण्याआधी तुमचंच वाक्य परत वाचा, पाऊस दोन्ही वर्षं चांगला झालाय. चांगल्या पावसाळ्यानंतर जिल्ह्यात हजार ठिकाणी पाणी असतं, शेततळी, ओढे, डबकी, त्यामुळे बदकं पांगतात. एका तलावावर कमी दिसली म्हणजे कमी झाली असं नाही. शिवाय तलाव काठोकाठ भरला की उथळ काठ बुडतो, जानेवारीपर्यंत पाणी उतरतच नाही. उजनीचंही तेच, धरण तुडुंब असलं की भिगवण-कुंभारगावकडे लोक विचारतात रोहित कुठे गेले, आणि पाणी उतरून चिखलाची मैदानं उघडी पडली की तेच रोहित शेकड्यांनी हजर. अर्ध्या दुष्काळाच्या वर्षी उलट, सगळीकडचं आटतं आणि उरलेल्या पाण्यावर पक्ष्यांची जत्रा भरते, पेपरात बातमी येते की यंदा विक्रमी पक्षी. विक्रम कसला, बिचाऱ्यांना दुसरी जागाच नव्हती. म्हणून एका तलावाच्या दोन वर्षांच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका, पाच वर्षं मोजा आणि आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहा.

पातळी मोजायला काही लागत नाही. एक लोखंडी पाईप रोवा, त्यावर वीत-वीत अंतरावर रंगाचे पट्टे मारा. पंधरा दिवसांनी एकदा सकाळी, साडेसहा-सातला, पक्षी मोजा आणि पट्टा लिहा. मोजायची रीत, दहाचा एक घोळका डोळ्यात बसवायचा आणि मग थव्यावर तेवढे घोळके किती बसतात ते बघायचं, एकेक मोजत बसलात तर अर्ध्यात उडतात आणि परत पहिल्यापासून. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्याकडे १९८७ पासून चालू आहे, त्यात तुमचा तलाव घाला. तुमच्या वहीतला आकडा त्यात गेला की तलाव नकाशावर येतो.

आणि मग त्या डबक्याने काय फरक पडतो हा प्रश्न. आपला भाग ज्या हवाई रस्त्यावर आहे त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, उत्तरेला पार आर्क्टिकपासून खाली हिंदी महासागरापर्यंत, तीस देश त्यात येतात. पट्टकदंब मंगोलिया, तिबेट, चीनच्या छिंगहाय तलावाकडे पिल्लं काढतो आणि हिमालय ओलांडून येतो. ट्रान्समीटर लावलेल्या पक्ष्यांवरून कळलंय की तो सात हजार मीटरच्या वरही जातो, पण उगाच उंच उंच जात नाही, जमिनीचा उतार धरून वरखाली होत जातो, आणि हवा थंड नि दाट असते तेव्हा म्हणजे रात्री किंवा पहाटे चढ मारतो. मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले हंस कर्नाटकात गदगजवळच्या मागडी तलावावर दिसलेत. मागडी काय आहे माहितीये का, एका गावचा तलाव. तुमच्यासारखाच.

तुमच्याकडनं पालख्या जातात म्हणून तुम्हाला लगेच कळेल. दिंडी आळंदीहून निघाली आणि मधल्या एका मुक्कामाला पाणी नाही, मैदान नाही, तर वारकरी पंढरीला पोचत नाहीत असं नाही, पण त्या दिवशी दुप्पट चालावं लागतं आणि म्हातारी माणसं गळतात. पक्ष्याचं तेच आहे, फक्त एक फरक, दिंडीचे मुक्काम ठरलेले असतात आणि पक्ष्याचे दर साली बदलतात. यंदा उजनी भरलं म्हणून तुमचा तलाव, पुढच्या साली तुमचा कोरडा म्हणून उजनी, त्यापुढे जायकवाडी. त्यामुळे एक मोठं अभयारण्य राखलं आणि आजूबाजूची दोनशे तळी बुजवली तर चालत नाही. सगळे पक्षी एका जागी कोंबले की काय होतं ते हिमाचलच्या पोंग धरणावर दिसलं, २०२०-२१ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लू आला आणि हजारोंनी पक्षी मेले, त्यात सगळ्यात जास्त पट्टकदंबच. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ ला, राजस्थानात सांभर तलावावर बॉट्युलिझमने, म्हणजे जिवाणूच्या विषबाधेने, अठरा हजारांवर पक्षी गेले. पक्षी पांगलेले असले की असा रोग सगळ्यांना एकदम गाठत नाही.

दुसरं म्हणजे परतीचा प्रवास. आपण पक्षी आले की खूष होतो, पण खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चला असते. तेव्हा त्यांना अंगावर चरबी चढवायची असते, त्यावर हिमालय पार करून पोचायचं, आणि हंसिणीला तर पोचल्यावर अंडी घालायची असतात. नेमका तेव्हाच आपल्याकडे तलावाचा शेवटचा थेंब मोटारी ओढत असतात. म्हणून जमलं तर शेतकऱ्यांशी एवढंच ठरवा की शेवटचं दोन-अडीच फूट पाणी मार्चच्या मध्यापर्यंत उपसायचं नाही. ठरावाने होत नाही हे, चहा पिऊन होतं. आणि दुष्काळी साल असेल, जनावरांना पाणी नसेल, तर पक्ष्यांचं नाव सुद्धा काढू नका. मी नाही काढत. एका साली काढलं होतं, त्या गावात नंतर तीन वर्षं मला कोणी दारात उभं केलं नाही.

तलाव उन्हाळ्यात कोरडा पडला तर रडू नका. पाझर तलाव अधूनमधून पूर्ण आटणं हे चांगलं असतं, चिखल तापतो, भेगा पडतात, सडकी घाण जळते, लव्हाळ्याचं नि पाणवनस्पतीचं बी रुजतं, चिलापी माशाचा सुळसुळाट कमी होतो. बारमाही तुडुंब पाणी ही माणसाची हौस आहे, बदकाची नाही. हिवाळाभर पाणी रोज बोटा-बोटाने उतरत जाणं हे सगळ्यात भारी, कारण रोज नवा ओला चिखल उघडा पडतो.

मोठ्या धरणांवर हाच प्रश्न आवर्तनाचा होतो. आमच्याकडे वरून गंगापूर, दारणातून पाणी सुटलं आणि ते जायकवाडीला जाताना नांदूरमधमेश्वरातून गेलं की एका रात्रीत पातळी बदलते, काल जिथे थापट्या चरत होते तिथे आज फूटभर जास्त पाणी. कोणाची चूक नाही त्यात, पाणी मराठवाड्याला जायलाच हवं, पण आवर्तन कधी सुटणार हे दोन दिवस आधी कळलं आणि दार हळूहळू उघडलं तरी पुष्कळ फरक पडतो. ही मागणी साधी आहे आणि कागदावर कुठेच नसते, पातळी राखणाऱ्या माणसाशी ओळख असेल तर होते. तुमच्या तलावाला दारच नाही म्हणजे तुमची एक कटकट कमी.

जनावरांना बंदी घालायची का असं अजून कोणी विचारलं नाही पण गावात कोणीतरी शहाणा विचारेलच, म्हणून भरतपूरची गोष्ट सांगून ठेवतो. केवलादेव हे मुळात भरतपूरच्या महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी पाणी वळवून केलेलं तळं, १९३८ ला एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारल्याची पाटी तिथे आहे. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ ला म्हशी-गाईंना बंदी घातली, गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आणि झालं काय, म्हशी जे गवत खात होत्या ते बेफाम वाढलं, उघडं पाणी गवताने भरलं, बदकांना जागा राहिली नाही. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) दहा वर्षांच्या अभ्यासातून हेच बाहेर आलं की म्हैस तिथे शत्रू नव्हती. तर म्हशी येऊ देत. म्हैस चिखल तुडवते, पाणकणीस मोडते, वाटा करते. फक्त हिवाळ्यात सकाळचे दोन तास आणि शेपटाचा एक कोपरा सोडा म्हणावं, ऐकतात लोक.

बेशरमीची झुडपं असतील तर ती मात्र काढा. मुळासकट उपटून, पाण्यापासून लांब नेऊन वाळवायची, कारण तोडून तिथेच टाकली तर पडलेल्या फांदीला परत मुळं फुटतात, नाव उगाच नाही पडलं. जलपर्णी दिसली तर पहिल्या टोपलीलाच काढा, आणि वर बघा कुठलं सांडपाणी येतंय, कारण जलपर्णी सांडपाण्यावर पोसते, ते बंद केल्याशिवाय काढत बसणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. नाशिकच्या खाली गोदावरीत आम्ही हे दर साली बघतो. पाणकणीस सगळं काढू नका, एका कोपऱ्यात ठेवा, जांभळी पाणकोंबडी त्यातच राहते.

काढून टाकल्यावर लावायचं काय, तर यात भंडारा-गोंदियाच्या ढीवर लोकांकडून शिकण्यासारखं आहे. तिकडे कोहळी लोकांनी बांधलेले शेकडो जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, त्यातल्या काहींत ढीवरांच्या मच्छीमार संस्थांनी बेशरम काढली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि गाद, देवधान असल्या देशी पाणवनस्पती दुसऱ्या तलावातून आणून लावल्या. हेतू मासे वाढवायचा होता, मासे वाढले, पाठोपाठ पक्षीही आले. मला हा क्रम फार आवडतो. पक्ष्यांसाठी म्हणून केलेलं काम दोन वर्षं टिकतं, पोटासाठी केलेलं पिढीभर टिकतं.

मासे सोडताना एवढं बघा की गवत्या मासा सोडू नका, तो पाण्यातलं शेवाळ-गवत साफ करून टाकतो आणि तेच गडवाल, वारकरी, लालसरीचं खाणं असतं. रोहू, कटला, मृगळ सोडा, ठेकेदाराचं नुकसान नाही. तंगूसची (नायलॉनची) जाळी रात्रभर सोडून दिली की टिबुकल्या नि पाणकावळे अडकून मरतात, फाटकं जाळं तर कोणी उचलतही नाही, ते वर्षानुवर्षं मारत राहतं. ठेकेदाराला सांगा हिवाळ्यात जाळी खोल बाजूला लावा, शेपटाकडे नको, त्याला मासा पण तिकडेच मिळतो. शिकारीसाठी कोणी जाळी लावत असेल तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, वनविभागाचा १९२६ नंबर आहे. मेलेले पक्षी एकदम चार-पाच दिसले तर हात लावू नका, त्याच नंबरला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि लवकर कळवा, कारण बॉट्युलिझममधे सडलेल्या पक्ष्यातल्या अळ्या खाऊन पुढचे पक्षी मरतात, म्हणून प्रशिक्षित माणसांनी मढी झटपट उचलणं हाच त्यावरचा मोठा उपाय.

कायद्याची आशा फार धरू नका. सुप्रीम कोर्टाच्या आदेशांत सव्वादोन हेक्टरच्या वरच्या दोन लाखांवर पाणथळ जागा आहेत, वीस एकर म्हणजे तुम्ही आकाराने सहज बसता. पण २०१७ चे पाणथळ नियम वाचले तर सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यातून वगळलेत, म्हणजे महाराष्ट्रातले बहुतेक बाहेर. गंमत बघा, नांदूरमधमेश्वर हा पाण्यासाठी बांधलेला बंधाराच, पण रामसरमधे आहे. वरच्या पातळीवर हालचाल चालू आहे, फेब्रुवारी २०२४ ला उझबेकिस्तानात समरकंदच्या स्थलांतरित प्राण्यांवरच्या परिषदेत मध्य आशियाई मार्गासाठी सगळ्या देशांचा एकत्र कार्यक्रम मान्य झाला आणि त्याचं समन्वयाचं काम भारताकडे आलं, चांगलंच आहे. पण समरकंदहून तुमच्या शेपटावर जेसीबी अडवायला कोणी येणार नाही.

फोटोवाल्यांचा त्रास आज ना उद्या होणार, एकदा हंसांचे फोटो व्हायरल झाले की रविवारी दहा गाड्या. भिगवणला होडीवाले बरेचसे मच्छीमारच, पर्यटनाने त्यांना चार पैसे मिळाले हे उत्तम, पण उडत्या थव्याच्या एका फोटोसाठी होडी थव्यात घालायला लावणारे महाभाग असतात, कुरवांना फरसाण टाकणारे असतात, ड्रोनवाले तर विचारू नका. एकदा उडालेला थवा परत बसेपर्यंत त्याने सकाळपासून खाल्लेलं जाळलेलं असतं. तुमच्या वॉकिंग ट्रॅकचे पैसे आहेतच ना, तर ट्रॅक फक्त भरावावरून न्या, तिथे एका टोकाला झापाचा आडोसा करा, शेपटाकडे ट्रॅक नको, दिवे तर अजिबात नको. शंभर-दीडशे मीटरवरून बघायची सवय लागली की पक्षीही माणसाला सरावतात.

विजेच्या तारा शेपटावरून जात असतील तर धुक्याच्या सकाळी हंस नि क्रौंच आपटतात, तारांवर चमकत्या चकत्या लावून मिळतात, अर्ज देऊन ठेवा, वेळ लागतो.

तर आत्ता करायचं काम एकच. पाणी उतरलं की सरपंच, ग्रामसेवक, मासेमारीचा ठेकेदार आणि ज्यांच्या मोटारी आहेत ते चार शेतकरी यांना घेऊन तलावावर जा, शेपटाच्या हद्दीवर या काठापासून त्या काठापर्यंत फक्कीची रेघ मारा, रेघेवर दगड रचा, आणि त्या रेघेवर उभं राहून सगळ्यांचा एक फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाका. पोकलेनवाला येईल तेव्हा नकाशा दाखवू नका, रेघ दाखवा. आणि पहिले तीन दिवस तिथे छत्री घेऊन बसा.